डबा खाली करून आणा

या माणसाशी माझं भांडण मिटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कुठे त्याचं कौतुक केल्यासारखं वाटलं, तर ती माझ्या लिहिण्यातली चूक समजावी.

मेडशीच्या बस थांब्यासमोर त्याचं औषधाचं दुकान होतं. लहानथोर त्याला चाचा म्हणत. मीही म्हणायचो, पण मनातून नाही. उंच, जरा वाकलेला, डोक्यावर पांढरी टोपी, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. खालचा चिठ्ठी वाचायला आणि वरचा माणूस वाचायला, असं तो सांगायचा. मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं जुनं घड्याळ, इतकं घट्ट की कातडीवर वळ उठलेला असे. दुकानात दोन पाट्या होत्या, त्याच्याच वाकड्या अक्षरात. एकीवर लिहिलं होतं, 'भाव एकच'. दुसरीवर, 'डबा खाली करून आणा, मग पुढचा न्या'.

पहिली पाटी वाचूनच माझं डोकं फिरलं होतं. मी बकऱ्यांचा व्यापारी. किन्हीराजाला आमचं घर. बाप मजुरी करता करता गेला. मायनं निंदणाच्या मजुरीतून एक पाट, म्हणजे बकरीची लहान मादी, घेतली होती; ती वाढवून विकली आणि तिथून मी सुरू झालो. आज चार तालुक्यांच्या बाजारात मला ओळखतात. मला कोणी शिकवलं नाही, कोणी हात दिला नाही. जे आहे ते दोनच गोष्टींवर आहे, माझी जीभ आणि माझा हात. बोकडाच्या कमरेवर हात ठेवला की त्याला काट्यावर चढवायची गरज नाही. अर्धा किलो इकडेतिकडे झाला तर झाला. आणि भाव तर मी कुठेही करतो. माझ्या लग्नात बँडवाल्याशी घासाघीस करताना पाहुणे जेवून उठले होते. अशा माणसाला कोणी 'भाव एकच' सांगत असेल, तर त्याच्या मालात काहीतरी खोट आहे, असं मी धरून चालतो. ज्याचा माल खरा असतो, तो भावाला बसतो.

माय त्या वर्षी तापानं दीड महिना अंथरुणावर होती. ताप गेला, पण अंगात काही भरेना. आमच्या तालुक्याच्या मालेगावच्या डॉक्टरनं तपासलं, रक्त पाहिलं आणि सांगितलं, या वयात आजारानं झडलेलं नुसत्या जेवणानं लवकर भरून येत नाही, सोबत ताकदीची पावडर द्या. चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी चाचासमोर उभा राहिलो.

"वय किती?" तो म्हणाला.

"लिहिलं हाय ना चिठ्ठीवर."

"चिठ्ठीले नाही इचारून राह्यलो, तुले इचारून राह्यलो."

"सत्तरच्या वर."

"दात किती हाय?"

"हाय ना दात."

"किती?"

"मायचे दात कोनी मोजते का चाचा?"

"बकऱ्याचे मोजतं ना?"

दुकानात दोघंतिघं होते, ते हसले. मला डबा हवा होता, म्हणून मीही हसलो. मग त्यानं विचारलं, किडनीचा रिपोर्ट डॉक्टरनं पाहिला का, साखर किती, गोळ्या कोणत्या. हे सगळं विचारून झाल्यावर त्यानं फळीवरून डबा काढला आणि त्यावर काळ्या शाईच्या जाड पेननं मायचं नाव लिहिलं. पैसे देणारा मी, आणि नाव मायचं. नावाखाली त्या दिवसाची तारीख टाकली.

"आठ दिवसाचा डबा हाय. दोन माप कोमट पान्यात, सकाळच्या आन सांजच्या जेवनाच्या मधात. घोट घोट. खाली झाला का घेऊन ये."

"काही कमी करा."

त्यानं पाटीकडे बोट दाखवलं.

"दोन डबे घेतो. आता तर कमी करा."

"दोन नाही भेटत. एकच."

"काहून?"

"पह्यला खाली करून आन."

मी तीस वर्षं व्यापारात आहे. दोन मागणाऱ्याला एकच देणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. रस्ताभर मोटरसायकलवर एकच विचार होता, या म्हाताऱ्याला रिकामे डबे कशाला हवेत? महागाचा डबा, वर कंपनीचं चित्र. त्यात दुधाची पावडर आणि पिठीसाखर भरली की झाला नवा डबा. तारखा टाकतो, नावं लिहितो, म्हणजे कोणाचा डबा कधी हाती येईल याचा हिशोब ठेवत असणार. अशी अक्कल चालवणाऱ्या माणसाबद्दल मला राग येतो आणि थोडा आदरही वाटतो, हेही खोटं नाही.

घरी पोचलो तेव्हा त्या रागातच होतो. माय अंगणात बाजेवर बसली होती. डबा तिच्याजवळ ठेवला आणि ओरडलो, "माय, एवढ्याशा डब्याचा एवढा भाव! आठ दिवसाचं जेवन हाय यात, समजलं का? सांभाळून घे."

"बरं बापा," माय म्हणाली आणि डबा पदराखाली घेतला.

हे वाक्य मी लिहून ठेवतो आहे, कारण पुढे तेच माझ्या अंगावर आलं.

त्यानंतर मी त्या दुकानावर नजर ठेवली. आठवड्यातून दोनदा मला मेडशीला जावंच लागायचं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलं की दुकान पूर्ण दिसायचं. मला पुरावा हवा होता. पुरावा मिळाला नाही, पण जे दिसलं त्यानं संशय वाढलाच.

हा माणूस गिऱ्हाइकं परत पाठवायचा. बसमधून म्हातारं माणूस उतरलं की हा खुर्ची पुढे करायचा आणि म्हणायचा, हाताचा टेका न घेता उठून दाखवा. बायांच्या बोटातली अंगठी पाहायचा. बोट बारीक झालं की बाया अंगठीला आतून दोरा गुंडाळतात, तो दोरा किती जाड आहे ते पाहायचा. एकदा केनवडचे एक रिटायर गुरुजी आले. त्यांच्या मुलानं त्यांना डबा आणायला पाठवलं होतं. चाचानं त्यांच्या कमरेचा पट्टा ओढून पुढे घेतला आणि भोकं मोजली.

"गुरुजी, हे पाच भोकं कंपनीचे. हे तीन कोनाचे?"

"माझेच. खिळ्यानं पाडले."

"कवापासून?"

"पोळ्यापासून असतील."

"अंडं चालते?"

"चालतं, पण एकट्यासाठी कोण करतं?"

"उकडाले काय लागते? दोन अंडे खा रोज. भाजीत शेंगदाण्याचा कूट टाका. वरन घट्ट करा, वरतून तेल घ्या. पंधरा दिवसानं मले पट्टा दाखवाले या. नाही फरक पडला त डॉक्टरकडं मी सोबत येतो."

"आणि डबा?"

"डबा कायले? पावडर म्हंजे करवली हाय गुरुजी. नवरी म्हंजे जेवन. मांडवात नवरीच नाही त करवली घेऊन काय करता?"

गुरुजी हसत हसत रिकाम्या हातानं परत गेले. मी चहाचा कप खाली ठेवला. दारी आलेलं गिऱ्हाईक अंडी खायला पाठवतो! अंड्यांच्या गाडीवाल्याशी याची भागी आहे का, तेही मी विचारून पाहिलं. गाडीवाला म्हणाला, "चाचा? तो त मलेच म्हणते का तू रोज उभा राहून राह्यला, तू सोता काय खातं?" म्हणजे तिथंही काही हाती लागलं नाही. ज्या व्यापाऱ्याचा फायदा कुठे आहे ते दिसत नाही, त्याच्यापासून मी चार हात लांब उभा राहतो. माझं आयुष्य याच नियमावर चाललं आहे.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हे सगळं लिहितो आहे.

बाहेरगावचे दोन व्यापारी माझे बोकड पाहायला आले होते. पहिल्यांदाच आलेले, मोठं गिऱ्हाईक. त्यांना मेडशीला घ्यायला गेलो आणि सोबत मायचा रिकामा डबा नेला. मला त्या दिवशी चाचाला खाली पाहायला लावायचं होतं. दुकानात त्या दोघांसमोर मी डबा गल्ल्याच्या फळीवर आपटला.

"पाहा चाचा. आठ दिवसाचा डबा सत्तावीस दिवस पुरवला. माहं घर असं चालते."

व्यापारी कौतुकानं हसले. चाचानं डबा घेतला. तारीख पाहिली. आत बोट फिरवलं. मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून नाकावरच्या चष्म्यावर चढवला आणि दोन्ही चष्म्यांतून माझ्याकडे पाहिलं.

"सांजच्याले काय खाते तुही माय?"

"जेवते."

"काय?"

"भाकर, भाजी. घरात जे असते ते."

"किती भाकर?"

मी बायकोचं नाव पुढे केलं, की ती वाढते, तिला माहीत असतं.

"बोकडाले सांजच्याले काय टाकतं?" त्यानं विचारलं.

हे मला माहीत होतं. तुरीचं कुटार किती, ढेप किती, मका किती, पाणी कधी, मी सगळं सांगून टाकलं. सांगताना कळलं की मी खड्ड्यात पाय टाकला आहे, पण तोपर्यंत दुकानातली माणसं कान देऊन ऐकत होती.

चाचानं शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्या मोटरसायकलकडे चालू लागला. "चाल."

"कुठं?"

"तुह्या घरी."

"चाचा, माहे पाहुने हाय सोबत."

"त्यायले बी घे."

भरदिवसा दुकान बंद करून माणूस दुसऱ्याच्या गाडीवर बसतो, म्हणजे त्याला काहीतरी नक्की माहीत असतं. मागे व्यापाऱ्यांची गाडी येत होती.

माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गोठ्यासमोर बोकड बांधलेले. चाचा मायच्या बाजेजवळ जमिनीवरच बसला. व्यापारी गोठ्यापाशी उभे राहिले, पण त्यांचे कान इकडे होते.

"बाई, मी मेडशीचा डब्यावाला. पावडर कशी घेता तुमी?"

"अर्धं-पाऊण माप घेतो सकाळी," माय म्हणाली. पदर सावरून, शाळेत उत्तर दिल्यासारखं. "सांडू देत नाही."

"आन सांजचं जेवन?"

"सांजच्याले नाही जेवत मी. सकाळी बी चतकोरच."

"काहून बाई?"

माय माझ्याकडे पाहून हसली. मी दुकानात हसलो होतो तसंच, स्वतःवर खूश होऊन. "लेकानं सांगतलं ना, डब्यात आठ दिवसाचं जेवन हाय म्हून. थोडं थोडं घेतलं त जास्त दिवस पुरते. आन त्याच्यावरून भाकर बी खाल्ली, त एका जीवाले दोन दोन जेवनं होत नाही का? एवढी उधळपट्टी कायले करा?"

आत चुलीपाशी बायको उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "मले त म्हणत होत्या का पावडरनं पोट भरलं. मले वाटलं डॉक्टरनंच सांगतलं असन."

माझ्या खांद्यावर रुमाल होता. बाजारात आम्ही भाव तोंडानं करत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतो. किती बोटं धरली त्यावरून आकडा कळतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. चाचानं तो रुमाल माझ्या खांद्यावरून ओढला, मायच्या दंडावर टाकला आणि माझा हात धरून रुमालाखाली नेला.

"धर."

"काय धरू?"

"रोज काय धरतं?"

मी धरलं. मायच्या उजव्या हातात चांदीचं कडं होतं, माझ्या पहिल्या चांगल्या सौद्यात घेतलेलं. ते कोपराच्याही वर जाऊन बसलं होतं. ते तिथं आहे हे मी महिनाभर पाहत होतो. मला वाटायचं, भांडी घासताना वर सरकवत असेल. कड्याच्या वर माझी बोटं पूर्ण फिरली आणि एकमेकांना टेकली. कातडी होती, हाड होतं. मध्ये जे लागायला हवं ते लागत नव्हतं. माझ्या हाताला अशा वेळी मला विचारावं लागत नाही. तो आपोआप आकडा काढतो. त्यानं काढला.

"बोल, किती भरन?" चाचा म्हणाला.

मी गोठ्यापाशी उभ्या व्यापाऱ्यांकडे पाहिलं. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं कोण जाणे.

त्यानं आपला हात रुमालाखाली घातला. "तोंडानं नको सांगू. माहा बाप बैलाचा दलाल होता."

माझ्या बोटांनी त्याची बोटं धरली. आधी दहाची, मग वरच्या सुट्या किलोंची. तो आकडा त्या दिवशी फक्त दोघांना कळला आणि मी तो इथंही लिहिणार नाही. चाचानं मान डोलावली. रुमाल काढला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या खांद्यावर परत ठेवली.

"काय झालं भाऊ?" मायनं विचारलं.

"काही नाही बाई. पोरगं माप शिकून राह्यलं."

गोठ्यापाशी एक व्यापारी हसला. सौदा त्या दिवशी झाला नाही. पुढच्या आठवड्यात बाजारात गेलो तर मोठ्यांपासून लहानांपर्यंत सगळे एकच विचारत, "शेठ, आज हात चालते ना? का मायलेच तोलता?" मी ज्या हातावर उभा राहिलो, त्या हाताची त्या माणसानं अशी चेष्टा करून ठेवली. आजही बोकडावर हात ठेवला की कोणीतरी खोकतं.

त्या दिवशी त्याला परत सोडताना मी रस्त्यात गाडी थांबवली आणि जे तोंडात आलं ते बोललो. "तुमी मले आत नेऊन सांगाले पाह्यजे होतं! त्या दोघाईसमोर कायले केलं?"

तो शांतपणे गाडीवरून उतरला, टोपी सारखी केली. "आत नेलं असतं त तू भाव केला असता."

"कायचा भाव?"

"म्हणला असता, ताप येऊन गेला म्हून हाय, थंडीनं हाय, वयच हाय. दोन किलो इकडून, दोन किलो तिकडून. मी वळखतो तुले. चार लोकाईसमोर माणूस आकडा मान्य करते."

मी त्याला तिथंच रस्त्यावर सोडायला हवं होतं. सोडलं नाही, कारण त्याच्या दुकानातून नवा डबा न्यायचा होता. त्या दिवशीही त्यानं एक रुपया कमी केला नाही. डबा देताना एवढंच म्हणाला, "आता तुह्या हातानं दे. सांगू नको, दे."

घरी येऊन मायसमोर वरण-भाकर ठेवली. ती खाईना. "पावडर घेतली ना आज," म्हणाली. तेव्हा मला म्हणावं लागलं, "माय, म्या चुकीचं सांगतलं होतं. डब्यात जेवन नाही. जेवन ताटात हाय." बाजारात तोंडातून निघालेला शब्द मी कधी फिरवला नाही. आयुष्यात एकदा फिरवला, तो मायसमोर, वरणाच्या वाटीपाशी. मायनं डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाली, "मंग एवढा महाग कायले रे?" माझंच वाक्य. मला हसू आलं आणि आणखी काही आलं, ते सांगत नाही.

भाकर वरणात कुस्करून, अंडं उकडून, तिळाची चटणी आणि मधल्या वेळेला पावडर, असं सुरू झालं. डॉक्टरनं महिन्यानं पाहिलं, दोन महिन्यांनी पाहिलं. पुढचे डबे आठव्या दिवशी संपायला लागले, आणि मी ते रिकामे नेऊन त्याच्यासमोर ठेवायला लागलो. तो आत बोट फिरवायचा आणि तारीख पाहायचा.

पण माझा संशय गेला होता, असं कोणी समजू नये. उलट आता तर मला त्याला पकडायचंच होतं. बकऱ्यांची खूण म्हणून मी शिंगाला लाल तेलरंग लावतो. एका रिकाम्या डब्याच्या बुडाला मधोमध तसाच एक ठिपका लावून दिला. मग दर खेपेला दुकानात उभा राहून फळीवरचे सगळे डबे उलटे करून पाहायचो.

"काय शोधून राह्यला?"

"तारीख पाहून राह्यलो. जुना माल नको."

"पाहा, पाहा."

महिन्यानं तो ठिपका सापडला, बस थांब्यामागच्या भंगारवाल्याकडे. डब्याच्या बुडाला खिळ्यानं आरपार भोक पाडलं होतं. भंगारवाला म्हणाला, चाचाकडून येणारा एकूण एक डबा असाच येतो. कोणी त्यात नकली माल भरून विकू नये म्हणून तो भोक पाडूनच देतो. एवढ्यावर माझं समाधान व्हायला हरकत नव्हती. पण ते भोक बरोबर माझ्या लाल ठिपक्याच्या मधोमध होतं. म्हणजे त्याला ठिपका दिसला होता. कशासाठी लावला तेही कळलं होतं. आणि महिनाभर मला फळीवरचे डबे उलटे करू देत तो समोर बसून मजा पाहत होता. संशय घेणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही.

मायचं कडं हळूहळू कोपराखाली उतरलं. दिवाळीच्या सुमारास ते मनगटाच्या चार बोटं वर येऊन थांबायला लागलं. माय आता बाजेवरून हाताचा टेका न घेता उठते आणि कोणी पाहुणा आला की त्याला मुद्दाम उठून दाखवते. हे मी चाचाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो खूश झाला असता, आणि त्याला खूश करायचं माझ्यावर बंधन नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मी शेवटचा त्याच्या दुकानात गेलो. बाजाराचा दिवस होता, पाचसहा गिऱ्हाइकं उभी होती. मायला आता डबा लागत नव्हता. मी कशासाठी गेलो होतो ते आठवत नाही. त्यानं वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला हात वर केला, आणि त्याच्या मनगटावरचं ते घट्ट घड्याळ सरळ खाली घसरत कोपरापर्यंत गेलं. वळ उठायचा ती जागा मोकळी होती. त्यानं हात खाली केला आणि घड्याळ परत मनगटावर झटकलं, जसं काही झालंच नाही. त्याची बायको दीड वर्षापूर्वी गेली होती. मुलगी अकोल्याला. दुकानाच्या मागच्या खोलीत तो एकटाच राहत होता.

मी कित्येक महिने या दिवसाची वाट पाहत होतो. मुद्दाम आवाज चढवला, थांब्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असा.

"चाचा, सांजच्याले काय खाता?"

गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

"जेवतो," तो म्हणाला.

"काय?"

"घरात जे असते ते."

"किती?"

त्यानं दोन्ही चष्मे काढून फळीवर ठेवले. "तुले काय करायचं? गिऱ्हाईक उभे हाय."

"उभे राहू द्या. त्यायले बी कळू द्या."

मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि गल्ल्याच्या फळीवरून वाकून त्याच्या दंडावर टाकला. त्यानं हात ओढून घेतला नाही. रुमालाखाली माझी बोटं फिरली. चाचाच्या सदऱ्याच्या बाहीत हात होता, पण फार थोडा होता. मी हिशोब केला आणि त्याच्या बोटांवर आकडा दिला.

तो हसला. आणि मग त्यानं, ज्यानं आयुष्यात कोणाशी भाव केला नाही, ज्याच्या डोक्यावर 'भाव एकच' लिहिलेलं होतं, त्यानं रुमालाखाली माझी तीन बोटं जास्त धरली. तीन किलो वाढवून मागत होता. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं एक बोट सोडलं. मी पुन्हा मान हलवली. त्यानं दुसरं सोडलं. शेवटचं बोट मात्र सोडेना, आणि त्या बोटाची पकड किती कच्ची आहे ते मला कळत होतं.

"चाचा," मी म्हणालो, "चार लोकाईसमोर हाय. मान्य करा."

त्यानं बोट सोडलं.

मी त्याच्याच फळीवरून त्याचाच डबा काढला. भाव विचारला नाही, पूर्ण पैसे गल्ल्यावर ठेवले. त्याचाच जाड पेन घेऊन डब्यावर 'चाचा' लिहिलं आणि खाली तारीख टाकली. मग डॉक्टरकडे न्यायला त्याला गाडीवर बसवलं. शटर मी ओढलं. मुलीला फोन मी केला. आठ दिवसांत ती त्याला अकोल्याला घेऊन गेली आणि दुकान बंद झालं. निघताना एसटीच्या खिडकीत तो डबा मांडीवर घेऊन बसला होता. मी बाहेरून ओरडलो, "खाली करून धाडा! नाही त पुढचा नाही भेटत!"

अजूनही तो मला फोन करून त्या दिवसाबद्दल बोलतो. म्हणतो, "बाजाराच्या दिवशी एवढ्या लोकाईसमोर कायले केलं बापा? आत यायचं होतं ना." मी त्याला त्याचंच उत्तर देतो. पण भांडण मिटलं असं मात्र मी म्हणत नाही. त्यानं दोन परक्या व्यापाऱ्यांसमोर केलं होतं, मी फक्त गावच्या लोकांसमोर केलं. फरक आहे.

परवा अकोल्याहून आलेल्या बसच्या ड्रायव्हरनं मला हाक मारून एक पिशवी दिली. आत रिकामा डबा होता, मुलीनं तिकडे घेतलेल्या डब्यांपैकी. त्यावर तिच्या अक्षरात नाव आणि तारीख होती. मी दिवस मोजले, बरोबर आठ. बुडाला भोक. आत बोट फिरवलं, स्वच्छ होता.

पण अशा गोष्टीला काय किंमत? पावडर नातवाला पाजली असेल. नाही तर भोक पाडायच्या आधी नळाखाली धरली असेल. डबा वेळेवर रिकामा कसा दाखवायचा, हे त्या माणसाइतकं कोणाला कळतं? मायला म्हणालो तर ती म्हणाली, "तू जाऊनच पाहून ये ना."

गुरुवारी जातो आहे. रुमाल धुऊन ठेवला आहे.